मशीन बरोबरच होतं

इरा आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निहारने फोनमध्ये बघून मला विचारलं, "आजी, आज तुमच्या मीरा रोडची हवा ‘समाधानकारक’ आहे. मग तू का खोकतेयस?" मी म्हटलं, पाणी पिताना ठसका लागला. ते खोटं होतं. खरं उत्तर लांबलचक होतं आणि तुमच्याकडे जेवणाची वेळ झाली होती.

ते लांबलचक उत्तर आता लिहिते आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना माझ्याकडून नोकरीच्या आठवणी हव्या आहेत, तेव्हा दोन्ही कामं एकदम होतील. तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवेल. मला इंग्रजीत लिहिता आलं असतं. शाळा-कॉलेज सगळं माझं इंग्रजीतून झालं आणि एकतीस वर्षं मी रिपोर्टही इंग्रजीतच लिहिले. पण ज्या माणसांबद्दल सांगायचं आहे, ती इंग्रजीत बोलत नव्हती. त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं तर मलाच ती ओळखू येणार नाहीत.

आणखी एक. तुमचे बाबा दर फोनला म्हणतात, आई, आता बेव्हर्ली पार्कचा फ्लॅट बंद कर आणि मेलबर्नला ये, इथली हवा चांगली आहे. मी येणार नाही. दुसरीकडची हवा चांगली आहे म्हणून माणसं आपली जागा सोडायला लागली, तर वाईट हवेला जाब विचारायला कोणी उरणार नाही. हा विषय माझ्यापुरता संपला.

मी श्वास मोजायचं काम करत होते. भाईंदर पूर्वेला छातीच्या रोगांचा एक धर्मादाय दवाखाना आहे. तळमजल्यावर डॉक्टर बसत आणि वरच्या मजल्यावर मी आणि माझं मशीन. काम सांगायला सोपं आहे. माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा, नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायची आणि आतली सगळी हवा जितक्या जोरात सोडता येईल तितक्या जोरात, अगदी तळ लागेपर्यंत, सोडायची. किती लिटर हवा आली ते मशीन दाखवतं. त्या वयाच्या, त्या उंचीच्या सर्वसाधारण माणसाची किती यायला हवी, तेही मशीनच सांगतं. माणूस त्या सरासरीच्या जवळपास किंवा वर असला, तर रिपोर्टवर एकच शब्द यायचा : नॉर्मल. खाली माझा शिक्का आणि सही.

करायला मात्र हे काम अवघड, कारण फुंकायची प्रत्येकाची सवय वेगळी. ज्यांनी आयुष्यभर चुलीत फुंकलं त्या बायका तीन छोट्या फुंकरी मारून थांबत आणि माझ्याकडे बघत, पेटलं का म्हणून. एक सोनार होते, त्यांना नाजूक फुंकायची इतकी सवय की मशीनवरचा आकडा हलेचना. एका गृहस्थांनी फुंकण्याऐवजी ओढलं आणि पुठ्ठ्याची नळी आतून चिकटवून ठेवली. एकदा तर नळीबरोबर दातांची कवळीही बाहेर आली. ते काका चिमटा लावलेल्या नाकाने "सॉरी, सॉरी" म्हणत होते. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब इतके सभ्य, की अनोळखी बाईसमोर जोरात श्वास सोडणं त्यांना असभ्य वाटायचं. त्यांना मी भिंतीकडे तोंड करून बसवलं.

म्हणून मला ओरडावं लागे. "सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका, छोड़िए, और छोड़िए." खाली बसलेल्या नव्या पेशंटना वाटायचं वर भांडण चाललंय. तुमचे आजोबा एकदा मला घ्यायला आले आणि जिन्यात उभं राहून त्यांनी हे ऐकलं. घरी जाताना म्हणाले, "माझ्याशी तू किती प्रेमाने बोलतेस, ते आज कळलं."

ओरडण्याइतकाच मला दुसऱ्या एका गोष्टीचा अभिमान होता. प्रत्येक तपासणीचं एक कार्ड मी स्वतः लिहीत असे आणि महिना संपला की त्या महिन्याची कार्डं तारखेनुसार लावून, फितीने बांधून, वर पांढरी चिठ्ठी चिकटवून लोखंडी कपाटात ठेवत असे. कोणी कुठल्याही तारखेचं कार्ड मागितलं तर अर्ध्या मिनिटात काढून देई. डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम वर आणून ते कपाट दाखवत. त्या कपाटातच माझी चूक होती, ती मला फार उशिरा दिसली.

आमच्याकडे गुलाबबाय नावाच्या आया होत्या. नवघरच्या, आगरी. त्यांच्या सासऱ्यांची एके काळी भाताची शेती आणि मिठागर होतं. आता घराच्या तीन बाजूंना इमारती आणि मागच्या बाजूला स्टीलची भांडी चमकवण्याचे गाळे. गुलाबबाय लादी पुसत, नळ्या मोजून ठेवत, जिन्यातली गर्दी आवरत. आणि त्यांचं आणखी एक काम होतं, जे त्यांना सगळ्यांत महत्त्वाचं वाटायचं. मशीन ठीक आहे की नाही हे बघायला ओळखीच्या, निरोगी माणसाला त्यात फुंकायला लावतात. त्या माणसाचा आकडा आपल्याला माहीत असतो. तो आला की मशीन बरोबर. आमचं ते माणूस म्हणजे गुलाबबाय. विडी नाही, मशेरी नाही, डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे दोन हंडे घेऊन चालणारी बाई. महिन्यातून एकदा पदर खोचून त्या मशीनसमोर बसत आणि जिन्यातल्या पेशंटना ऐकू जाईल असं म्हणत, "मी फुकलं तवाच तुमचा नंबर लागल. नाय त बसा."

त्यांचा आकडा मी एका वेगळ्या वहीत लिहीत असे. दोन लिटर सहाशे. त्यांच्या वयाच्या बाईला तो भरपूर होता.

आता गाळ्यांबद्दल. तुमच्या स्वयंपाकघरात स्टीलचा डबा असेल तर त्यात तोंड बघा. ती चमक आपोआप येत नाही. सुताचं जाड चाक विजेवर गरगर फिरत असतं, त्याला मसाला लावतात आणि माणूस भांडं दोन्ही हातांनी त्या चाकावर दाबून धरतो. चाकाचं सूत, मसाला आणि स्टीलचा बारीक कण असं सगळं उडतं आणि समोर माणसाचं तोंड असतं. आमच्याकडे येताना ही माणसं अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून येत, पण डोळ्यांच्या कडा काळ्याच राहत. नाकाला रुमाल बांधायचे. तो रुमाल संध्याकाळी बाहेरून जितका काळा, तितकाच आतून.

एका मालकाच्या ओळीने आठ-दहा गाळे होते. तो दरवर्षी आपल्या कामगारांना तपासणीला आमच्याकडे पाठवायचा. इतर मालक तेवढंही करत नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याचा नियम सरळ होता. रिपोर्ट नॉर्मल असला तर माणूस चाकावर राहणार. नॉर्मल नसला तर त्याला पॅकिंगच्या खोलीत हलवायचं, जिथे धूळ नसते. म्हणजे माणूस पुढचं वर्षभर कुठे उभा राहणार हे माझा एक शब्द ठरवत होता. मला हे माहीत होतं. त्याचं ओझं वाटत नव्हतं, कारण शब्द मशीनचा होता.

पास्कल त्या गाळ्यांतला. उत्तनचा, मच्छीमाराच्या घरचा, पण बोटीवर चढला की त्याला उलट्या व्हायच्या. "कोल्याच्या पोराला दर्या लागतंय, गावात तोंड दाखवायची चोरी," असं तो स्वतःच सांगायचा आणि हसायचा. म्हणून तो चाकावर आला. त्याची खरी ओळख मात्र वेगळी होती. गावातल्या बँडमध्ये तो कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं छोटं पितळी वाद्य, वाजवायचा. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून घरापर्यंत बँड थांबत नाही, आणि सगळ्यांत पुढे पास्कल.

पहिल्या वर्षी त्याला फुंकायला शिकवताना माझी दमछाक झाली. वाजवणारा माणूस श्वास जपून, पुरवून वापरतो. ओठ आवळून थोडा थोडा सोडतो. मला सगळा एकदम हवा होता.

"पास्कल, वाजवू नका. नुसतं ओता."

"वोतला त पुरनार कसा बाय? आजून अर्दा रस्ता जायचाय."

"इथे रस्ता नाही. बादली उपडी करायची."

चौथ्या खेपेला त्याने बादली उपडी केली. पाच लिटर. त्या खोलीत मी तेवढा आकडा क्वचितच पाहिला होता. गुलाबबाय फडकं टाकून बघायला आल्या. मी नॉर्मल लिहिलं आणि शिक्का मारला.

पुढच्या वर्षी तो म्हणाला, "मॅडम, मना बरा वाटत नाय. छातीवर कोन तरी बसल्यासारखा." मी फुंकायला लावलं. सरासरीच्या खूप वर. नॉर्मल. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाला, "विहिरीपर्यंत जातंय वाजवत. येताना दम लागतंय." पुन्हा सरासरीच्या वर. मी त्याला मशीनचा पडदा दाखवला, म्हटलं, बघा, तुमची छाती इतरांपेक्षा चांगली आहे, काळजी करू नका. तो पडद्याकडे बघत राहिला. चौथ्या वर्षी त्याने काहीच सांगितलं नाही. मी शिक्का मारताना एवढंच म्हणाला, "येताना आता वाजवतच नाय, दुसऱ्याला देतंय. तुमचा माशीन विहिरीवर न्या येकदा."

मी हसले. हे मी लिहिते आहे कारण ते घडलं. मी हसले आणि त्याला परत चाकावर पाठवलं.

आणि त्याच वर्षी माझं मशीन बिघडलं.

म्हणजे मला तसं वाटलं. गुलाबबाय महिन्याच्या तपासणीला बसल्या आणि दोन लिटर तीनशेवर थांबल्या. दुसऱ्यांदा फुंकायला लावलं, तेवढंच. आदल्या वर्षीही आकडा थोडा खाली आला होता. तेव्हा मी धरून चालले की बाई दमलेली असेल. त्यानंतर एकदा मेकॅनिकला बोलावलं, तो नळ्या साफ करून गेला. या वेळी मी चिडून त्याला निरोप दिला, की तुमचं मशीन कमी दाखवतंय, नीट करा नाहीतर बदलून द्या.

तो अंधेरीहून आला, खांद्याला भली मोठी पिचकारी अडकवून. त्या पिचकारीत बरोबर तीन लिटर हवा मावते, आणि तीच मशीनची खरी परीक्षा. दवाखान्याकडे तेव्हा स्वतःची पिचकारी नव्हती. त्याने ती मशीनला लावली आणि दाबली. तीन लिटर. हळू दाबली, तीन लिटर. जोरात दाबली, तीन लिटर.

"मॅडम, मशीन एकदम बराबर है," तो पिचकारी परत खांद्याला अडकवत म्हणाला. "हर बार मशीन को क्यों डाँटती हो? जो फूँक रहा है उसको देखो."

तो गेला. गुलाबबाय दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माशीन बरोबर हाय, त मंग वाकरी मी?"

मी चाचणीची वही उघडली. माझ्या सगळ्या कागदांत ही एकच वही अशी होती, जिच्यात एकाच माणसाचे आकडे एकाखाली एक आले होते. मधले महिने सोडत वाचत गेले : दोन सहाशे, दोन सहाशे, दोन साडेपाचशे, दोन पाचशे, दोन चारशे, दोन तीनशे. पान खाली जात होतं तसे आकडे खाली जात होते. आणि यातला प्रत्येक आकडा मशीनच्या हिशोबाने नॉर्मल होता. गुलाबबायने चाकाला कधी हातही लावला नव्हता. त्या फक्त गाळ्यांच्या मागे राहत होत्या; भांडी घासून उन्हात पालथी घालत होत्या आणि उचलताना पुन्हा धूत होत्या, कारण तोवर त्यांच्यावर काळी भुकटी बसलेली असे.

मग मला पास्कल आठवला.

त्याची चार कार्डं शोधायला मी कपाट उघडलं. चार वर्षांचे गठ्ठे काढले, फिती सोडल्या आणि तारीख आठवायला लागले. अर्ध्या मिनिटात कुठलंही कार्ड काढणारी मी पाऊण तास जमिनीवर बसून होते. गुलाबबाय बाजूला उकिडव्या बसल्या.

"काय शोधतांव?"

"पास्कलचं कार्ड. कुठल्या तारखेला आला होता, तेच आठवत नाही."

"म्यॅडम, मानसाला नावानं वलखतान. तारखंनं कोन वलखतंय?"

त्या बाईला अक्षरओळख जेमतेम होती. मी विज्ञानाची पदवीधर. तारखेनुसार लावल्यामुळे एका माणसाची दोन कार्डं माझ्या कपाटात कधीच शेजारी आली नव्हती. मीच ती इतक्या वर्षांत एकमेकांपासून लांब बांधून ठेवली होती, वर चिठ्ठी चिकटवून.

पास्कलची चारही कार्डं सापडली. टेबलावर एका ओळीत ठेवली. पाच लिटर. चार लिटर सातशे. चार चारशे. चार शंभर. चारही कार्डांवर नॉर्मल, चारही कार्डांवर माझी सही. जवळजवळ एक लिटर श्वास माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसातून गेला होता, आणि दर वर्षी मी त्याला सांगितलं होतं की तू इतरांपेक्षा चांगला आहेस. तो इतरांपेक्षा चांगला होताच. तो स्वतःपेक्षा वाईट झाला होता. मशीन त्याची तुलना सरासरी माणसाशी करत होतं, आणि सरासरी माणूस मी एकतीस वर्षांत त्या जिन्यावर चढताना एकदाही पाहिला नाही.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघींनी दुपारच्या सुट्टीत सगळी कार्डं नावाने लावली. मी नाव वाचायची, गुलाबबाय सांगायच्या हा कोणाचा कोण, कुठे राहतो. गाळ्यांतल्या बऱ्याच जणांचे आकडे घसरत होते. गाळ्यांमागच्या चाळीतल्या काही बायकांचेही. सगळ्यांचे नव्हते; काही जण जागच्या जागी होते आणि तेही मी लिहून ठेवलं. आपल्या सोयीचं तेवढंच उचलायचं, ही सवय मला नाही.

डॉक्टरांना वर बोलावलं. त्यांनी कार्डं बघितली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे मला दिसायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मी विचारलं, यापुढे नॉर्मलच्या खाली दुसरी ओळ लिहू का? या माणसाच्या आधीच्या श्वासापेक्षा आता किती कमी, त्यातलं वयामुळे किती आणि वयापलीकडचं किती. ते म्हणाले, "लिहा. खाली माझीही सही घ्या."

ही दुसरी ओळ सगळ्यांत आधी मी पास्कलच्या रिपोर्टवर लिहिली. तो रिपोर्ट त्याच्या हातात देताना मी त्याला सांगितलं की माझं चुकलं. त्याने रिपोर्ट उलटसुलट केला आणि विचारलं, "यानं पॅकिंगला टाकतील ना?"

"टाकायला हवं."

"मंग चुकला ते चुकला. लिवलात ना आता."

त्या वर्षीचे सगळे रिपोर्ट मी पुन्हा दोन ओळींचे करून पाठवले. आठवड्याभरात मालक स्वतः आले. शांत माणूस, आवाज न चढवणारा. माझ्या खोलीत खुर्चीवर बसले आणि रिपोर्टांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"बेन, ऊपर नॉर्मल लिखा है. फिर नीचे ये सब लिखने की क्या जरूरत?"

"ऊपर का मशीन ने लिखा है. नीचे का मैंने."

"किसी ने पूछा था?"

"पास्कल ने पूछा था. हर साल पूछता था."

"उमर के साथ थोड़ा-बहुत तो सबका कम होता है."

"उमर का जितना जाता है, वो अलग करके लिखा है. जो बचा, वो आपके चाक का है."

त्यांनी गठ्ठा पुन्हा उचलला. मग म्हणाले, "ठीक है. टेस्ट करने वाले और भी हैं."

"जरूर करवाइए. यहाँ के कार्ड यहीं रहेंगे, नाम से."

गुलाबबाय दारात नळ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शेट, आल्यासारखं येक डाव फुका ना. तुमचा आफिस बी गाल्यावरच हाय. नली नवी कोरी देतंय." मालक हसले, हात जोडले आणि उठले. फुंकलं मात्र नाही.

पुढच्या तपासण्या दुसरीकडे गेल्या, एका ओळीच्या रिपोर्टांसाठी. पास्कल चाकावरच राहिला.

आमच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. "बाई, असे लोक तुटत गेले आणि दवाखाना बंद पडला, तर तुमची दुसरी ओळ कोण वाचणार?" प्रश्न रास्त होता.  मी म्हटलं, "ओळ काढायची असेल तर माझी सही काढा. सहीखाली अर्धं खरं लिहून मी चार वर्षं त्या माणसाला चाकावर ठेवलं. पाचव्या वर्षी ठेवणार नाही."

त्यांनी मला खालच्या नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. पाच महिने मी नाव, वय, पत्ता लिहीत होते. वर मशीनवर आळीपाळीने कोणी कोणी बसायचं आणि मला जिन्यातून ऐकू यायचं : "फुंका. झालं का? बरं." ओरडायला कोणी तयार नव्हतं. त्या पाच महिन्यांत त्या खोलीत कोणाचा पूर्ण श्वास बाहेर पडला असेल, असं मला वाटत नाही. फुशारकी म्हणा हवं तर.

पाचव्या महिन्यात, गाळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी, पास्कल खिडकीसमोर येऊन उभा राहिला. मागे गाळ्यातले सात-आठ जण, त्यांच्या मागे गुलाबबायच्या चाळीतल्या बायका.

"नाव?" मी सवयीने विचारलं.

"नाव तुमाला ठावं हाय. वर चला."

"मला वर बसायची परवानगी नाही, पास्कल."

"मंग आमी हितं बसतंव. तुमचीच दुसरी वल पायजे. नुसता नॉर्मल आमाला शेट देतंय घरपोच."

आणि ते सगळे खरोखरच बसले. बाकांवर, जिन्यावर, डॉक्टरांच्या दाराशी. गर्दी आवरायचं काम गुलाबबायचं. त्या दिवशी त्यांनी गर्दी आवरली नाही, उलट सगळ्यांना सरकवून आणखी जागा केली. डॉक्टर बाहेर आले, व्यवस्थापक बाहेर आले.  डॉक्टरांनी माझ्या खोलीची चावी माझ्यासमोर ठेवली. मी वर गेले आणि दिवसभर ओरडले.

ते कागद घेऊन पास्कल कारखान्यांच्या सरकारी निरीक्षकाकडे गेला. एकदा नाही, कितीतरी वेळा. कधी साहेब जागेवर नसत, कधी कागद वरच्या टेबलावर असे. प्रत्येक वेळी त्याची सुट्टी जायची. एकदा मी आणि डॉक्टर त्याच्याबरोबर गेलो आणि मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत साहेबांना ते दोन ओळींचे रिपोर्ट समजावून सांगितले. त्या इंग्रजीचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता. शेवटी तपासणी झाली, हुकूम निघाला आणि गाळ्यांत प्रत्येक चाकावर धूळ ओढून घेणारे नळ बसले. पास्कलला पॅकिंगच्या खोलीत हलवलं. या सगळ्याला तीन वर्षं लागली.

आणि तुम्हाला पूर्ण खरं सांगायचं, तर त्या नळांचं तोंड आधी कुठे काढलं होतं, माहीत आहे? मागच्या भिंतीतून, थेट गुलाबबायच्या चाळीकडे. चाकावरच्या माणसांना वाचवून सगळी भुकटी बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. गुलाबबाय चाळीतल्या बायकांना घेऊन तिथे गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी काळी पडलेली पांढरी चादर काढून फोरमनच्या टेबलावर अंथरली.

"ये बघ. त्यांचे छातीतना काडलास आन् आमचे छातीत घातलास. आमी काय कपाट हाव का तुजा?"

फोरमन म्हणाला, "मावशी, नियम में इतना ही लिखा था."

"नियम लिवनाऱ्याला बोलव. ही चादर त्याला धुवाला दे."

पुन्हा कागद, पुन्हा फेऱ्या. नळांचं तोंड पाण्याच्या टाकीत सोडायला आणखी सात महिने गेले. आता भुकटी टाकीत बसते आणि गाळ होऊन गोण्यांत भरली जाते. त्या गोण्या पुढे कुठे जातात, हे आम्ही सध्या विचारतो आहोत. अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. विचारणं चालू आहे.

छातीतून गेलेला श्वास परत येत नाही. रक्त भरून येतं, मोडलेलं हाड जुळतं, पण धुळीने गेलेलं फुफ्फुस गेलंच. त्या तीन वर्षांच्या फेऱ्यांत पास्कलचा आणखी अर्धा लिटर गेला. मी चौथ्याऐवजी दुसऱ्याच वर्षी ती कार्डं शेजारी ठेवली असती, तर त्याचा किती वाचला असता, ते मला मिलिलिटरमध्ये सांगता येतं. तो आकडा मी त्याला सांगितलेला नाही. त्यानेही विचारलेलं नाही, पण त्याला तो माहीत असावा. वाजवणाऱ्याला आपला श्वास मोजायला मशीन लागत नाही.

मी निवृत्त झाले, तरी दर बुधवारी दवाखान्यात जाते. सगळं आता कॉम्प्युटरवर आहे. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात दुसऱ्या ओळीला जागा नव्हती. ज्याने तो बसवला त्याच्याशेजारी मी चार दिवस खुर्ची टाकून बसले, तेव्हा जागा झाली. आता प्रत्येक रिपोर्टवर ती छापून येते, कोणी मागो न मागो.

गुलाबबायने काम सोडलं आहे. वर्षातून एकदा त्या फुंकायला येतात, जिन्यात दोनदा थांबून. पास्कल लग्नात अजून वाजवतो, पुढे नाही, मागच्या रांगेत, आणि विहिरीपर्यंतच. गेल्या बुधवारी दोघेही आले होते. पास्कलच्या छातीत तीन लिटर पाचशे आहे. गुलाबबायच्या छातीत एक लिटर नऊशे. गेल्या तीन वर्षांत दोघांचाही श्वास वयाने जायचा तेवढाच गेला आहे, त्याहून जास्त नाही. निहार, तुझ्या फोनमधला ‘समाधानकारक’ हा शब्द म्हणजे वरची ओळ; माझा खोकला म्हणजे खालची.